द नॅशनलचा 'रोम' आणि मॅट बर्निंगरचा खर्ज

'रोम' हा द नॅशनल या अमेरिकन रॉक बँडचा लाइव्ह अल्बम, डिसेंबर २०२४ मध्ये आला, ३ जून २०२४ ला रोमच्या पार्को देल्ला म्युझिकाच्या उघड्या अँफिथिएटरमध्ये त्यांचा जो कार्यक्रम झाला त्याचं हे रेकॉर्डिंग, २१ गाणी, दोन एलपी म्हणजे मोठ्या तबकड्या. एवढी माहिती कव्हरवरच मिळते. माझं मत विचाराल तर अल्बम नक्की घ्या, पण या बँडचं आजवर एकही गाणं ऐकलं नसेल तर सुरुवात याच्यापासून करू नका, आधी २००७ चा 'बॉक्सर' ऐका, तो अंगात मुरू द्या आणि मग 'रोम' लावा. असं का ते नुसतं स्टार देऊन सांगता येत नाही म्हणून जरा ऐसपैस लिहितोय, आणि हा माझा सगळ्यात आवडता बँड आहे, त्यामुळे हातचं काही राखून लिहिणार नाहीये.

बँडमध्ये पाच जण, आणि त्यात भावांच्या दोन जोड्या. अ‍ॅरन आणि ब्राइस डेसनर हे जुळे, गिटार, पियानो, कीबोर्ड आणि बहुतेक चाली यांच्याकडून येतात. स्कॉट डेव्हेनडॉर्फ बासवर, त्याचा भाऊ ब्रायन ड्रम्सवर. पाचवा गायक मॅट बर्निंगर, त्याचा भाऊ तेवढा बँडमध्ये नाही. सगळे मूळचे ओहायोतल्या सिनसिनाटीचे पण बँड जमला १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, मॅट तेव्हा २८ च्या आसपास, ग्राफिक डिझाइन शिकलेला आणि त्याच क्षेत्रात बऱ्यापैकी पगाराची नोकरी करणारा. रॉक बँड काढायला हे वय उशिराचंच म्हणायचं, एवढ्यात लोकांचे बँड फुटून पण झालेले असतात. पहिले दोन अल्बम डेसनर भावांनी मित्राबरोबर काढलेल्या ब्रासलँड या छोट्या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडून, आले, दिवसा ऑफिस आणि रात्री प्रॅक्टिस असं चाललं होतं, फारसं कुणी विचारत नव्हतं. २००५ मध्ये 'अ‍ॅलिगेटर' आला आणि त्या वर्षीच्या टूरवर यांच्या आधी वाजवायला क्लॅप युअर हँड्स से येआ नावाचा नवा बँड होता, तो अचानक एवढा गाजला की लोक त्यांच्यासाठी यायचे आणि ते संपले की निघून जायचे, आणि मग उरलेल्या लोकांसमोर हे पाच जण आपली गाणी वाजवायचे. हा किस्सा बँडच्या चाहत्यांत पाठ आहे. मला तो महत्त्वाचा वाटतो कारण या गाण्यांत जो एक हट्ट आहे ना, कुणी थांबो न थांबो आपण आपलं शेवटपर्यंत नीट वाजवायचं, तो मला तिथूनच आलेला दिसतो.

आता मुद्द्यावर येतो. द नॅशनल म्हणजे उदास गाण्यांचा बँड हे कुणालाही विचारा, तेच सांगेल, आणि खोटं नाहीये ते. पण उदास कशाबद्दल हे कुणी नीट सांगत नाही. आपल्याकडे भावगीतांत, गझलांत जे दुःख आपण ऐकत मोठे झालो ते बहुतेक विरहाचं. माणूस गेलं, येणार नाही, आणि मागे राहिलेला वाट बघतोय. मॅटच्या गाण्यांत माणूस गेलेलं नसतं, ते शेजारच्या खोलीत असतं. नोकरी चालू असते, घर असतं, लग्न टिकलेलं असतं, मूल झोपलेलं असतं, आणि तरीही हा माणूस पहाटे जागा आहे आणि त्याला सांगता येत नाही की नक्की काय बिनसलंय. 'बॉक्सर'मधलं 'स्लो शो' घ्या. एक माणूस पार्टीत उभा आहे, कुणाशी काय बोलावं ते सुचत नाहीये, आपण बावळट दिसतोय असं वाटतंय, आणि त्याला फक्त घरी जाऊन बायकोला हसवायचंय, एवढंच गाणं आहे ते. 'हाय व्हायोलेट'मधलं 'अफ्रेड ऑफ एव्हरीवन' नुकत्याच बाप झालेल्या माणसाच्या भीतीचं आहे, त्यात गायक सूफ्यान स्टीव्हन्सची साथ आहे, आणि लहान मूल घरात असताना टीव्हीवरच्या बातम्या कशा अंगावर येतात हे मी इतकं अचूक दुसऱ्या कुठल्या रॉक गाण्यात ऐकलेलं नाही. सगळं ठीक असलेल्या माणसाचं दुःख आहे हे. आणि असं दुःख बोलून दाखवायला आपल्याकडे जागाच नसते, कारण लगेच कुणीतरी म्हणतं की तुला कमी काय आहे. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसलेल्या, फ्लॅटचे हप्ते वेळेवर भरणाऱ्या, घरी सगळे सुखरूप असलेल्या माणसाला सिनसिनाटीच्या या गायकाचं इतकं जवळचं का वाटावं याचं उत्तर मला यातच दिसतं, निदान माझ्यापुरतं तरी.

मॅटचा आवाज खर्जातला. इंग्रजीत त्याला बॅरिटोन म्हणतात पण खर्ज म्हटलं की तो आवाज छातीत कुठे लागतो ते आपल्याला लगेच कळतं. सुरुवातीच्या अल्बममध्ये तो गातोय की स्वतःशी पुटपुटतोय असं वाटायचं, ओळी अर्धवट सोडायचा, एकच ओळ पुन्हापुन्हा म्हणायचा, आणि मग अचानक फुटायचा. 'रोम'वर २००३ च्या 'सॅड साँग्ज फॉर डर्टी लव्हर्स'मधलं 'मर्डर मी रेचल' आहे ते नीट ऐका, पन्नाशी ओलांडलेला माणूस जीव तोडून ओरडतोय आणि त्यात दिखाऊपणा औषधालाही नाही. आणि त्याच कार्यक्रमात 'आय नीड माय गर्ल'मध्ये तो इतका खाली उतरतो की तुम्ही आपोआप कान पुढे करता. आवाजाला वयाची धार चढलीये, मधून मधून सूर निसटतो, श्वास पुरत नाही, पण शब्दामागे माणूस उभा असल्याचं जाणवतं आणि मला गायकाकडून तेच हवं असतं. शब्दांबद्दल अजून एक. त्याची बायको कॅरिन बेसर, ही न्यूयॉर्कर मासिकात कथांची संपादक होती, ती बऱ्याच गाण्यांच्या शब्दांत सहलेखक आहे. म्हणजे २०१७ च्या 'स्लीप वेल बीस्ट'मध्ये लग्न मोडकळीला आल्याची जी गाणी आहेत ती नवरा-बायकोनी मिळून लिहिलेली आहेत. आपलं लग्न तुटलं तर कसं तुटेल हे दोघांनी एका टेबलावर बसून लिहायचं, याला धीर लागतो आणि एकमेकांवर भरवसाही लागतो. त्या अल्बमला पुढे बेस्ट ऑल्टरनेटिव्ह म्युझिकचं ग्रॅमी मिळालं.

पण मॅटबद्दलच बोलत बसलो तर बँडवर अन्याय होईल, विशेषतः ब्रायनवर. द नॅशनलची गाणी रडकी होत नाहीत याचं पहिलं कारण ब्रायन डेव्हेनडॉर्फचे ड्रम्स आहेत. शब्द बसलेले असतात, खांदे पाडून, आणि ड्रम्स चालत असतात, भराभर, सरळ साधा ठेका न धरता टॉम-टॉमवर, म्हणजे ड्रम सेटमधल्या छोट्या ढोलांवर फिरत, जणू त्या माणसाला कुणी हात धरून उठवतंय. 'ब्लडबझ ओहायो' ऐकताना एकदा फक्त ड्रम्सकडे लक्ष द्या, शब्द विसरा, पियानो विसरा. 'रोम'वर हे स्टुडिओपेक्षाही जास्त कळतं कारण मिक्सिंग पीटर केटिसचं आहे, 'अ‍ॅलिगेटर' आणि 'बॉक्सर'च्या काळापासून यांच्याबरोबर असलेला माणूस, त्याला कुठे ड्रम्स पुढे आणायचे आणि कुठे ट्रंपेट-ट्राँबोनला वाट द्यायची ते पक्कं माहितीये. प्रेक्षकांचा आवाजही त्यानी दाबलेला नाही पण अंगावर येऊ दिलेला नाही. हेडफोनवर ऐकलं तर आपण साधारण दहाव्या रांगेत आहोत असं वाटतं.

लयीचा विषय निघालाच आहे तर 'फेक एम्पायर'. 'बॉक्सर' यानीच सुरू होतो. पियानोचे दोन हात वेगवेगळ्या मोजणीत चालतात, एक तीनात आणि एक चारात, तबल्याच्या वर्गात पाऊणपट शिकताना ज्यांची दमछाक झालीये त्यांना हे ऐकताक्षणी ओळखू येईल. मॅट त्यावर अगदी संथपणे गातो, देशाकडे बघायची ताकद उरली नाही की माणूस कसा डोळे मिटून आपल्या छोट्या सुखात शिरतो त्याबद्दल, आणि मग ड्रम्स येतात आणि शेवटाला पितळी वाद्यांचा असा काही गजर होतो की खोलीत दिवे लागल्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे २००८ च्या निवडणुकीत ओबामांच्या प्रचाराच्या व्हिडिओत हेच गाणं वापरलं गेलं, शब्द काढून, फक्त वाद्यं. राजकारणाला कंटाळलेल्या माणसाचं गाणं आशेच्या जाहिरातीला लागलं. मला यात विसंगती वाटत नाही, ती आशा त्या पियानोत आणि ड्रम्समध्ये आधीपासून होती, शब्द काढल्यावर ती उघडी पडली इतकंच.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी या बँडला मनापासून मानतो ती. २०१० च्या 'हाय व्हायोलेट'वर 'सॉरो' नावाचं गाणं आहे, साडेतीन मिनिटांपेक्षाही कमी. मे २०१३ मध्ये आइसलँडचा कलाकार रॅगनार क्यार्टान्सन यानी यांना न्यूयॉर्कच्या मोमा पीएस वन या कलासंग्रहालयात बोलावलं आणि सांगितलं की हे एकच गाणं सहा तास वाजवायचं, सलग, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि यांनी वाजवलं. त्याच कलाकृतीचं नाव 'अ लॉट ऑफ सॉरो'. आपल्याकडे गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात, एकच नाम, एकच चाल, आणि काही तासांनी शब्दांचा अर्थ बाजूला पडून नुसती लय उरते आणि त्या लयीत माणसं एकमेकांना धरून उभी राहतात, ज्यानी तो अनुभव घेतलाय त्याला या सहा तासांबद्दल फार समजावून सांगावं लागणार नाही. शेवटाकडे कुठे मॅटचा गळा दाटतो आणि तो थांबतो, तर लोक गाणं पुढे नेतात. गाणं जितकं जास्त वेळा वाजतं तितकं ते हलकं होत जातं. पुढे याच्या नऊ एलपींचा संच निघाला, त्याचे पैसे पार्टनर्स इन हेल्थ या वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेला दिले. कुणी म्हणेल हा निव्वळ स्टंट. मला तसं अजिबात वाटत नाही. दुःखाबद्दल या बँडला जे म्हणायचं आहे ते सगळं त्या सहा तासांत आहे, की ते लपवू नका, सगळ्यांसमोर ठेवा, आणि एकट्यानी वाजवू नका.

म्हणूनच २०२० नंतर जे झालं त्यानी चाहते हादरले. मॅटला नैराश्य आलं, बरेच महिने शब्दच सुचेनात, गाता येईना, आणि बँड राहतो की नाही अशी वेळ आली. हे तो नंतर मुलाखतींत मोकळेपणानी बोललाय. अडकलेला असताना त्यानी शेल्फवरून मेरी शेलीचं 'फ्रँकेन्स्टाइन' काढलं, सुरुवातीची पानं वाचली आणि तिथून कुठेतरी गाठ सुटायला लागली, म्हणून एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या अल्बमचं नाव 'फर्स्ट टू पेजेस ऑफ फ्रँकेन्स्टाइन'. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, सिनसिनाटीतल्या त्यांच्या स्वतःच्या होमकमिंग फेस्टिव्हलमध्ये जाहीर करून, 'लाफ ट्रॅक' हा दुसरा अल्बम आला. स्पष्टच सांगतो, या दोनातला पहिला अल्बम मला जरा जपून, हलक्या पावलांनी चालल्यासारखा वाटतो, आजारातून उठलेला माणूस चालतो तसा, ब्रायन तर अर्ध्या गाण्यांत बांधून ठेवल्यासारखा आहे. 'रोम'नी ती गाणी सोडवली आहेत. 'युकॅलिप्टस' ऐका, वेगळं होणारं जोडपं घरातल्या वस्तू वाटून घेतंय, हे तू ठेव ते मी नेतो, स्टुडिओत ते चांगलं गाणं होतं, इथे ते भांडण झालंय, खरंखुरं, भिंतीपलीकडून ऐकू येणारं. 'ट्रॉपिक मॉर्निंग न्यूज'चंही तेच. आणि 'लाफ ट्रॅक'मधलं 'स्मोक डिटेक्टर', जे मुळात एका साउंडचेकमध्ये, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासताना, वाजवता वाजवता जमलं होतं, ते इथे इतकं बेभान झालंय की मला दोन एलपींतलं सगळ्यात ताकदीचं काही निवडायला सांगितलं तर मी तेच निवडेन. ज्या माणसाला बोलायला शब्द उरले नव्हते तो इथे शब्दांचा नुसता पूर सोडतो.

काही लोक या बँडकडे टेलर स्विफ्टमुळे आलेत, तिचा २०२० चा 'फोकलोर' अ‍ॅरन डेसनरनी तिच्याबरोबर केला आणि त्याला अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं. त्यांचं स्वागतच आहे. 'फोकलोर'चा तो पियानो आणि धुक्यासारखी गिटार आवडली असेल तर यांचा 'ट्रबल विल फाइंड मी' हा अल्बम लावा, घरच्यासारखं वाटेल. ब्राइस शास्त्रीय संगीतकार म्हणून वेगळं मोठं काम करतो, तो विषय इथे नको, पण गाण्यांच्या मागे जे व्हायोलिन आणि पितळी वाद्यांचं काम आहे ते इतकं शिस्तीचं का हे त्यावरून कळतं.

स्टेजवरचा मॅट हा वेगळाच प्रकार. गाणं नसतं तेव्हा अस्वस्थपणे येरझारा, माइकचा स्टँड घट्ट धरलेला, आणि 'मिस्टर नोव्हेंबर' किंवा 'टेरिबल लव्ह' आलं की खाली उडी मारून सरळ लोकांत, मागे लांबच लांब केबल आणि ती सोडत धावणारी माणसं. अल्बममध्ये हे दिसत नाही पण ऐकू येतं, आवाज हलतो, दम लागतो, मध्येच दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज माइकमध्ये शिरतो. मग शेवटाला 'व्हँडरलाइल क्रायबेबी गीक्स'. हे गाणं ते बहुतेक कार्यक्रमांच्या शेवटी वाजवतात, ड्रम्सची धडधड बंद, साधी गिटार, आणि गातात प्रेक्षक. शब्द काहीसे विचित्र आहेत, नीट अर्थ लावायला गेलं तर हाती फार लागत नाही, पण हजारो लोक एका सुरात म्हणतात आणि मॅट जवळजवळ गप्प असतो. 'रोम'मध्ये त्या लोकांच्या इंग्रजीला इटालियन हेल आहे, तो मला फार आवडतो.

तक्रारी आहेतच. 'हाय व्हायोलेट'ची सहा गाणी आणि 'बॉक्सर'चं फक्त एक? 'अपार्टमेंट स्टोरी' नाही, 'स्लो शो' नाही, 'मिस्टेकन फॉर स्ट्रेंजर्स' नाही. म्हणून तर वर म्हटलं की 'बॉक्सर' आधी आणि वेगळा ऐका. २०१९ चा 'आय अ‍ॅम ईझी टू फाइंड', ज्यात गेल अ‍ॅन डॉर्सी, लिसा हॅनिगन अशा गायिकांना मॅटच्या बरोबरीनी जागा होती, त्यातलं एकही गाणं नाही. तो अल्बम सोळा गाण्यांचा आणि जरा पसरट आहे हे मान्य, पण त्या बायकांच्या आवाजांनी मॅटच्या खर्जाला पहिल्यांदा समोरासमोर उत्तर दिलं होतं, ते इथे हवं होतं. आणि 'सॉरो' पण नाही. आपल्याकडे इम्पोर्टेड एलपी महाग पडते, त्यामुळे रेकॉर्ड प्लेअर असेल आणि बँड आधीपासून आवडत असेल तरच एलपी घ्या, नाहीतर स्ट्रीमिंगवर आहेच, फक्त गाणी शफल करू नका, क्रमानी ऐका, 'रनअवे'पासून, कारण कार्यक्रम हळूहळू चढत जातो आणि 'ग्रेसलेस' येईपर्यंत तुम्ही त्याच्याबरोबर चढलेले असायला हवं.

सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे 'अबाउट टुडे' नाही. २००४ च्या 'चेरी ट्री' या ईपीवरचं, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवरचं गाणं, शेजारी झोपलेलं माणूस हातातून निसटत चाललंय हे कळतंय पण विचारायचा धीर होत नाही, एवढं साधं, आणि कार्यक्रमात वाजतं तेव्हा शेवटाला गिटार आणि व्हायोलिन त्याला असं वर घेऊन जातात की विचारू नका. ते लाइव्ह ऐकायचं असेल तर २००८ चा 'द व्हर्जिनिया ईपी' शोधा, त्यात आहे. त्या एका गाण्यावर मी सवडीनी वेगळं लिहिणार आहे, तोवर ज्यांनी ते प्रत्यक्ष कार्यक्रमात ऐकलंय त्यांनी कुठे आणि कधी ते मला जरूर सांगा.